सदुसष्ट मिलिलिटर

ग्युम्रीत, काळ्या दगडाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
हायकानुश रोज सकाळी पाणी मोजते.
मोजपात्र गिरणीतलं. सूत रंगवायच्या प्रयोगशाळेत
एकोणतीस वर्षं तिनं निळ्यात किती पिवळा ते पाहिलं,
आणि गिरणी बंद झाली त्या दिवशी
हे एवढं एकच पर्समध्ये टाकून आणलं.
चोरी म्हणा हवं तर.

मांजरीचं नाव त्सिरान, म्हणजे जर्दाळू.
वजन चार किलो, भाजीवाल्याच्या काट्यावर.
डॉक्टर अर्पिने म्हणाली होती,
किलोमागे साधारण पन्नास धर.
चार पन्नासं दोनशे.

वाडगं रुंद, मिशा कडेला घासू नयेत म्हणून,
आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब, खिडकीपाशी.
शेजारी दुसरं तसंच वाडगं, वर जाळी.
ते कुणासाठीच नाही.
हवा किती पिते, तेवढंच कळायला.

दुसऱ्या दिवशी:
जाळीखालचं एकशे एक्क्याण्णव,
मांजरीचं एकशे अडुसष्ट.
म्हणजे तेवीस.
दोनशेतले तेवीस!
हायकानुशच्या तोंडचं पाणी पळालं.

अगं, ती खाते काय, अर्पिनेनं फोनवर विचारलं.
उकडलेली कोंबडी, कधी मासा, दिवसाला दीडशे ग्रॅम.
मग त्यात पाणीच की जास्त. तेही धर.
मानेची कातडी चिमटीत धरून सोड, झटकन बसते ना?
हिरड्या ओल्या आहेत ना?
झालं तर. एकदम वाडगीच्या वाडगी रिकामी करायला लागली
तर मात्र त्याच दिवशी घेऊन ये.

कोंबडीतलं एकशे दहा, वाडग्यातलं तेवीस.
एकशे तेहेतीस.
उरले सदुसष्ट.
मांजर तर ठणठणीत,
पडद्यावर चढते, जोरात भांडते, बोका दिसला की शेपूट फुगवते.
हायकानुशनं चष्मा पुसला.
कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवारी ती मागोमाग गेली,
घरातल्या चपला, अंगात स्वेटर उलटा.
त्सिरान जिना उतरली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे न बघता वळली
आणि थेट वार्दगेसच्या पाणपोईवर उडी मारून बसली.

वार्दगेस वरच्या मजल्यावरचा.
त्यानं पंप बसवला आणि हिच्या नळाची धार करंगळीएवढी झाली.
त्यानंतर अकरा वर्षं
दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं.
तो गेला तेव्हा ही खिडकी लावून बसली होती.
मग मुलानं मॉस्कोहून पैसे पाठवले,
आणि इकडे करतात तसं बापाच्या नावानं
रस्त्याच्या कडेला दगडी कारंजं उभं राहिलं,
येणाऱ्याजाणाऱ्यानं वाकून प्यावं असं.
सगळी गल्ली प्यायली.
ही एवढी रस्ता ओलांडून जायची.

आता मांजर त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर
पंजा रोवून उभी,
आणि उडत्या धारेला जिभेचं टोक लावतेय,
लावतेय, काढतेय, लावतेय,
इतक्या वेगानं की मोजता येईना.
घरातलं साचलेलं, मापात ओतलेलं, स्वच्छ पाणी सोडून
हे.

कितीदा, हायकानुशनं विचारलं, रोज येते ही?
न्हावी म्हणाला, दोनदा. मी दुकान उघडतो तेव्हा, आणि बंद करतो तेव्हा.
पाणी गार आहे बाई. घ्या की तुम्हीही.
नको, म्हणाली. घरून पिऊन आले.
हे खोटं होतं. सकाळपासून तिनं
चहाचा एक कप सोडून काही घेतलं नव्हतं,
आणि स्वतःचं तिनं कधी मोजलंच नव्हतं.

संध्याकाळी वहीत तिनं रकाने आखले.
वाडगं: तेवीस.
कोंबडी: एकशे दहा.
तिसऱ्या रकान्यापाशी बराच वेळ थांबली.
वर पंप नव्हता आता, नळ भरभरून वाहत होता,
तिनं तो उगाच थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग लिहिलं:
वार्दगेसकडून, सदुसष्ट.

पेन्सिलीनं. खोडता येईल अशा.